जावयाचा मान

नव्या यांत्रिक हाताला गरम-गार कळतं म्हटल्यावर जावईबापूंना काय करू नि काय नको असं झालं. दवाखान्यापासून घरापर्यंत दिसेल त्याला हात लावत ते "गार! कोमट! गार!" असं ओरडत आले. "अहो, लोक बघतायत," म्हणून बायको दटावत होती, तर भर रस्त्यात तिचाच गाल चाचपून म्हणाले, "उबदार!"

घरी पोचतात तोच स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली, "जावईबापू, तेवढं दूध उतरवता का?"

जुन्या हाताला काहीच कळत नसे, त्यामुळे गॅसवरची भांडी उतरवायचा मान नऊ वर्षं त्यांचाच होता. सवयीनं धावले, सवयीनंच पातेलं धरलं.

"आई गं! भाजलं!"

पातेलं कलंडलं, सगळं दूध ओट्यावर सांडलं. आणि हात झटकत, "भाजलं! अगं, मला भाजलं!" म्हणत जावईबापू घरभर नाचत सुटले. मागोमाग बायकोही, हसत, रडत.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि लेकीला हाक मारली, "नाचून झालं की स्टूल आण गं. माळ्यावर टाकलेली सांडशी खाली काढायचीय."