पहिला कोल्हा

“रिकाम्या हातावर बोलावलंस तर गरुड एकदा येईल, दुसऱ्यांदा शेजाऱ्याच्या हातावर जाऊन बसेल,” तोलेगेन लेकीला बजावायचा. गरुड परतला की मांसाचा तुकडा ठरलेला. लेक परतली की मात्र तो चुकाच काढायचा. आज तिच्या गरुडाने पहिला कोल्हा धरला. पहिली शिकार वडीलधाऱ्याच्या खोगिराला बांधून आशीर्वाद घ्यायची रीत. ती अल्ताई पर्वताच्या उतारावरून घोडा दौडवत जमलेल्या शिकाऱ्यांकडे आली तसे तोलेगेनने आशीर्वादासाठी तळवे वर केले, पण सवयीने तोंडातून निघालं, “पाठ ताठ ठेव. पोत्यासारखी बसलीयेस.” तिने घोडा वळवला आणि कोल्हा शेजारच्या म्हाताऱ्या साउकेनच्या खोगिराला बांधला. “शाब्बास गं पोरी,” म्हातारा हरखला, “कुणी शिकवलं?” “बाबांनीच,” ती म्हणाली आणि गरुडाला मांस भरवू लागली. सगळे शिकारी तोलेगेनकडे पाहू लागले. त्याची मान खाली गेली. वर धरलेले तळवे रिकामेच होते.