उलटा पीळ

"हा बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याला तार बांधायला एक मेकॅनिक विसरला आणि विमान कोसळलं. मी त्याला त्याच दिवशी घरी बसवला," विमान संग्रहालयातल्या मोडक्या इंजिनापुढे त्या अपघाताची चौकशी केलेले निवृत्त इन्स्पेक्टर कर्णिक लोकांना सांगत होते.

गर्दीतल्या लोणकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बसवलेला मेकॅनिक तोच. बावीस वर्षांनी ते इंजिन समोर होतं. तो दोरीवरून खाली वाकला. बोल्टला तार होती. पीळ उलटा, त्याच्या डाव्या हाताचा. अख्ख्या हँगरमध्ये डावखुरा तो एकटाच होता.

"साहेब, तेव्हा तुम्ही वाकून पाहिलं नव्हतंत," तो म्हणाला. "आता वाका."

लोक बघत होते. कर्णिक गुडघ्यांवर हात टेकून वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"आहे का तार?"

"आहे," ते पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू नाही आलं, साहेब."