दर्भाचा कावळा

पिंड मांडून झाले तसा गुरुजींनी सवयीने पिशवीतून दर्भाचा कावळा काढला. वीजकेंद्राच्या धुराला कंटाळून गावातले कावळे निघून गेले, त्याला बारा वर्षं झाली होती. दहाव्याला वाट तरी कोणाची पाहायची?

"जरा थांबता का, गुरुजी?" कुंदा म्हणाली. "बाबांना भरवसा होता."

तिच्या बाबांनी, नत्थूजींनी, धुराड्याच्या तोंडाशी बुरशीचे पडदे टांगले तेव्हा गाव हसलं होतं. शेजारचे डोमाजी तर सगळ्यात जास्त. बुरशी धूर खाऊन फुगायची. ती खरवडून, वाळवून वड्या करायच्या. पोषणात डाळीला मागे टाकतील अशा त्या वड्या घरोघरी रश्श्यात पडू लागल्या, पण हवा सुधारली हे मानायला कोणी तयार नव्हतं.

"कावळे परततील तेव्हा माना," असं म्हणून नत्थूजी रोज संध्याकाळी आभाळाकडे पाहत बसायचे. पाहता पाहताच गेले.

बराच वेळ गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा पिंडाकडे नेला, आणि वरच्या पत्र्यावर पंजे खरखरले.

लोक आपसूक मागे सरले. खराखुरा कावळा मान तिरपी करून खाली उतरला. त्याने पिंडाला चोच लावली, शेजारच्या पानातली वडी उचलली आणि उडाला.

गुरुजींनी दर्भाचा कावळा हळूच पिशवीत ठेवला. कुंदा हसत हसत डोळे पुसत होती.

डोमाजींनी डोक्यावरची टोपी काढली.

"मानलं बाप्पा, नत्थूभाऊ," ते आभाळाकडे पाहत म्हणाले.