चाळीसच्या पुढे

जहांगीरचाचांची जुनी गाडी जळगावहून निघाली, की धुळ्याला पोचेपर्यंत डिकीतली हिरवी केळी पिकून पिवळी होतात, असं मी अख्ख्या गॅरेजला शपथेवर सांगायचो. रेसची केबल झिजलेली, त्यामुळे गाडी चाळीसच्या पुढे जायचीच नाही. तरी चाचा दर शनिवारी नातीला, अफरीनला, वसतिगृहातून घेऊन धुळ्याला तिच्या आईकडे सोडायचे.

शेवटी एकदा चाचा नमाजला गेलेले पाहून हसीब मिस्त्रीनं नवी केबल बसवूनच टाकली. म्हणाला, "चाचा, आता पारोळ्याला चहा प्या अन् तोंडातली चव जायच्या आत धुळं गाठा."

रविवारी चाचा गॅरेजवर आले. हसीबनं विचारलं, "काय चाचा, पळाली ना?"

"माझा मुलगा वारला, सुनेनं दुसरं लग्न केलं. त्या घरात मला कोण बसवणार? नातीची भेट व्हायची ती या रस्त्यावरच. केबल खराब होती, तोवर बरं चाललं होतं."

मी म्हणालो, "मग हळू चालवायची, चाचा."



"चालवली की. तर अफरीन म्हणाली, 'दादा, गाडी आता पळते ना? मग पळवा की.'"