बहिरेपणाचा टक्का

कानांवर हेडफोन चढवून थोरला साडू काचेच्या खोलीत बसला, तेव्हा त्याचं सगळं लक्ष बाहेरच्या बाकावर होतं. तिथे धाकटा साडू पायावर पाय टाकून बसला होता आणि त्याच्या कानामागे ते ऐकायचं मशीन होतं. भरपाईबरोबर मिळालेलं. फुकटात.

"काका, आवाज आला की बटण दाबायचं," कान तपासणाऱ्या मुलीने समोर उभं राहून समजावलं. "अगदी बारीक आला तरी दाबायचं. कळलं?"

"कळलं की!"

तिने जाड दार लावून घेतलं.

दोघांचा जन्म गेला एकाच कारखान्यात, लालभडक लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर, शेजारी शेजारी. थोरला आधी लागला, मग त्यानेच शब्द टाकून धाकट्याला चिकटवलं. आणि भरपाई कोणाला? धाकट्याला! कामापायी कान गेले म्हणून त्याने अर्ज केला, डॉक्टरांनी बहिरेपणाचा टक्का काढला, टक्क्यावर रक्कम ठरली आणि मेहुणीच्या घरात नवंकोरं स्वयंपाकघर उभं राहिलं. ते बघून आल्यापासून थोरल्याची बायको आपल्या ओट्याकडे बघून उसासे टाकताना दिसायची. थोरल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सोंग आहे सगळं, हे त्याचं ठाम मत. एकाच दणदणाटात दोघं राबले, मग याचे कान गेले आणि आपले ठणठणीत, असं कसं होईल? खात्यात तर दिवसभर गप्पा चालायच्या. हॅमर चालू असताना कोणाचा आवाज कोणाला पोचत नसे. ओठ बघायचे, हात बघायचे, की झालं. त्यात थोरला भलताच पटाईत. लांबच्या भट्टीवर कोणी साहेबाला शिवी हासडली की हा इथून हसायचा.

अर्जाची वाट धाकट्यानेच दाखवली होती. मुदत उलटू द्यायची नाही, तक्रार तोंडी न ठेवता लेखी द्यायची, हॅमरवर किती वर्षं काढली त्याचा कारखान्याचा दाखला जोडायचा, मग तपासणी. एकेक गोष्ट थोरल्याला दोन-दोनदा सांगावी लागली होती. ज्याला आपण कामाला लावलं त्याची शिकवणी ऐकायची, हेच थोरल्याला इतकं झोंबलं होतं की निम्मं डोक्यात शिरतच नव्हतं.

आजचा बेत मात्र साधा होता. टक्का धाकट्यापेक्षा जरासाच जास्त काढायचा. फार हाव नको. दोन आवाजांना दाबायचं, तिसरा सोडायचा.

पहिला आवाज आला. दाबलं. दुसरा आला. दाबलं. तिसरा आला, तेव्हा तो आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून भिंतीकडे बघत बसला.

मग बराच वेळ काहीच नाही. काचेपलीकडे मुलगी खाली मान घालून मशीनची बटणं फिरवत होती. पुन्हा एक आवाज, पाठोपाठ आणखी एक, की परत सगळं थंड. मशीन जुनं असणार, मधेच बंद पडत असणार. थोरल्याने गुडघा खाजवला. बाहेर धाकटा कानामागचं ते बोंडूक बोटाने सारखं करत होता. काय ती ऐट! थोरल्याने रागारागात पुढचे दोन आवाज सोडून दिले.

मुलीने सगळी तपासणी पहिल्यापासून पुन्हा घेतली. मग ती आत आली आणि तिने धाकट्यालाही आत बोलावलं.

"काका, काही आवाज तुम्ही मुद्दाम सोडलेत," ती थोरल्याकडे बघत म्हणाली. "दुसऱ्या खेपेला तेच दाबलेत. अशाने अर्ज फेटाळला जातो."

थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला. पकडलं जायचं तेही याच्यासमोर!

"ते आवाज तुम्हाला ऐकू आलेत असंच मी धरलंय," मुलगी म्हणाली.

म्हणजे गेली भरपाई. तो कसनुसा हसला. "मग काय तर! माझे कान ठणठणीतच आहेत. मला काही यांच्यासारखं सोंग जमत नाही. आणि तुमचं ते मशीन आधी दुरुस्त करा. सारखं बंद पडतं."

"मशीन एकदाही बंद पडलं नाही, काका. आवाज सतत चालू होते."

थोरला तिच्याकडे बघतच राहिला. तिने हातातला कागद उचलून स्वतःच्या तोंडापुढे धरला. कागदावरून तिचे डोळे तेवढे दिसत होते. ही अशी का उभी आहे, त्याला कळेना. त्याने धाकट्याकडे पाहिलं, तर धाकट्याने मान खाली घातली होती.

"अहो बाई, बोला की काहीतरी!"

मुलीने कागद खाली घेतला. "दोनदा विचारलं, काका. घरी कोण कोण असतं म्हणून."

थोरल्याने खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

धाकटा जवळ आला, त्याच्यापुढे वाकला. चेहरा नीट त्याच्यासमोर आणला आणि खात्यात बोलायचे तसा, एकेक शब्द ओठांवर मोकळा करत म्हणाला,

"मिळेल भरपाई, साडूभाऊ. माझ्यापेक्षा जास्त मिळेल."