जहाजावरून येणारे फोटो

“जावईबापू, आमची गोदा म्हणजे खाडीतली तिसरी, शिंपलीच. मिटली की मिटली. मग उघडायला जाऊ नका, तुमचीच बोटं कापतील.”

लग्नाच्या मांडवात सासूबाईंनी कानाशी लागून सांगितलेलं हे वाक्य विठूकाकांना आता उतारवयात रोज ऐकू येत होतं. तेव्हा ते हसले होते. तिसऱ्या कालवणात घालतात, एवढंच तेव्हा त्यांना ठाऊक.

भांडणाचं मूळ पुढच्या खोलीत टेबलावर बसलं होतं. मुलगा सर्वेश जहाजावर नोकरीला. गेल्या सुट्टीत त्याने फोटो छापायचा प्रिंटर आणून ठेवला. “बाबा, मोबाइलवर नुसतं बोट लावायचं. मी जहाजावरून लावलं तरी फोटो इथे बाहेर येणार.”

पोरगा गेला आणि काकांच्या बोटाला चळ लागला. मांजर छापलं, फणस छापला, शेजाऱ्याची नवी स्कूटर छापली. शेवटी दुपारी झोपाळ्यावर डुलकी लागलेली गोदाकाकू छापली. तोंड आ वासलेलं, एक पाय लोंबता, पोटावर मांजर. पानभर, चकचकीत कागदावर.

छापली ती छापली, वर खेडहून आलेल्या तिच्या भावजयीला दाखवली. दमयंतीवहिनींच्या नाकातून चहा आला. “मला एक द्या हो भावजी,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “घरी दाराशी लावते. दृष्ट लागायची नाही.”

गोदाकाकू त्या संध्याकाळी मिटली.

संसार मात्र अडला नाही. काकू काकांशी बोलायची नाही, अंगणातल्या तुळशीशी बोलायची. सकाळी पेज झाली की गळ्यातल्या गळ्यात सूर लावायची :

तुळशीबाई गं, सांगा अंगणीच्या वाऱ्याला
पेज निवली, धाडा कुणी खाणाऱ्याला

खाणारा निमूट येऊन पाटावर बसायचा. त्याने सुरमई आणली. काकूने तळली, वाढली, काटा अडकला तेव्हा भाताचा गोळाही पुढे सरकवला. शब्द नाही. “चुकलं गो माझं,” ते म्हणाले, तर ती तुळशीला म्हणाली, “आज कावळे फार ओरडतात, नाही?”

घर भरलेलं आणि कान रिकामे. चाळीस वर्षं ज्या बडबडीला ते वैतागले, तिच्याशिवाय काकांना घास गिळवेना. तेव्हा त्यांना युक्ती सुचली. आपलं ऐकत नाही, पण लेकाचं ऐकेल.

त्यांनी जुना अल्बम मागच्या पडवीत नेला. नारळांच्या ढिगाआड बसून एका फोटोचा मोबाइलने फोटो काढला आणि बोट लावलं. पुढच्या खोलीत प्रिंटर खाकरला. कागद हळूहळू बाहेर आला. भाट्याच्या किनाऱ्यावर नवी नवरी गोदा, वाऱ्यावर उडणारा पदर दातात धरलेली.

काका घाईने आत येऊन भिंतीला म्हणाले, “अरे वा, सर्वेशने पाठवला वाटतं जहाजावरून!”

काकूने हात पुसले. फोटो उजेडाला धरला. बराच वेळ धरला. मग दाराशी जाऊन तुळशीला म्हणाली, “एवढ्या लांबून पोराला आईची आठवण येते हो!” आणि फोटो आरशाच्या कडेला खोचला.

काकांना वाटलं, शिंपला किलकिला झाला.

दुसऱ्या दिवशी सर्वेशला कडेवर घेतलेली गोदा आली. मग लांज्याच्या लग्नात फुगडी घालणारी गोदा. मग आंब्याच्या पहिल्या पेटीवर राणीसारखी बसलेली गोदा. दुपार झाली की काकू आता केस विंचरायची, धुवट लुगडं नेसायची आणि प्रिंटरसमोर खुर्ची ओढून बसायची. यंत्र खाकरलं की गाल लाल. काकांकडे मात्र ढुंकून बघणं नाही.

शाई संपली तशी काका बाजारात गेले. दुकानदार गुरुप्रसाद म्हणाला, “काय ओ काका, परवाच तर नेलीत! स्टुडिओ टाकलात काय?”

“घरात लहान मूल असल्यासारखं आहे रे,” काका म्हणाले. “सारखं पाजायला लागतं.”

पण मनात त्यांना लेकाचा हेवा वाटू लागला. शाई माझी, कागद माझा, आठवणी माझ्या, नि माया सगळी सर्वेशला! आरशाभोवती फोटोंची महिरप झाली. त्यात चेहरा बघायला जागा उरली नाही. अबोला तसाच.

एके दुपारी अल्बमचं शेवटचं पान आलं. लग्नाचा फोटो, दोघांचा. काकांनी बोट लावलं. शाईने मध्येच मान टाकली. पिवळा गेला, काळा गेला. नवरानवरी दोघंही वांगी रंगाची होऊन बाहेर आली, आणि नवऱ्याचे तर पायच उमटले नाहीत.

काका नारळांच्या आडून उठले. गुडघे कुरकुरले. हातातला मोबाइल आणि काखेतला अल्बम न लपवता ते तसेच पुढच्या खोलीत आले.

“गोदे,” ते म्हणाले, “सर्वेश नव्हे गो. मीच पाठवत होतो, त्या पडवीतून. आता फोटो संपले, शाई संपली. माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही. आता तू बोल, नाहीतर मार, पण त्या तुळशीला मध्ये घालू नको.”

काकूने तो वांगी फोटो मांडीवर घेतला. पदराने त्याच्यावरची ओली शाई टिपली. मग मान वर करून थेट काकांकडे बघितलं.

“ठाऊक आहे मला. सर्वेश निघतानाच म्हणाला होता, या खेपेला जहाजावर नेट नाही, बाबांना सांगू नको, उगाच जिवाला घोर लावून घेतील.”

काका मटकन खुर्चीत बसले. “म्हणजे पहिल्या फोटोपासून ठाऊक होतं? मग इतके दिवस बोलली का नाहीस गो?”

“बोलले असते,” गोदाकाकू म्हणाली, “तर तुम्ही फोटो पाठवायचे थांबला असतात.”