सयाजीची गाडी पेट्रोल घेईना

खट्! नोझल पुन्हा बंद झाला आणि सयाजीनं गाडीच्या टपावर असा हात आपटला की हवा भरायला थांबलेली माणसं वळून बघायला लागली.

"आरं ए पोरा, झोपलाईस काय? नीट धर की!"

"पोरगी हाय मी, काका," टोपी सरळ करत पंपावर पेट्रोल भरणारी रुबीना म्हणाली. "आणि नीटच धरलंय. तुमची गाडीच पेट्रोल घेईना. जरा सोडलं की फसाफसा वर येतंय आणि मशिन आपोआप बंद हुतंय."

"पोरगी हाईस तर टोपी कशाला घातलीस?" सयाजी खेकसला. "आणि माझ्या गाडीला नावं ठेवतीस व्हय गं?"

आता यात त्या पोरीचा काय दोष? पण सयाजीच्या रागाला दोष लागतच नसे, समोर माणूस असलं की भागायचं. मागं रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. "ओ पावणं, गाडी बाजूला घ्या की!" कुणीतरी ओरडलं. सयाजीनं त्याचाही उद्धार केला. काल दुसऱ्या पंपावर हेच झालं होतं, आज इथंही तेच. अख्ख्या कोल्हापुरातले पंपवाले आपल्या मुळावर उठलेत, अशी त्याची खात्रीच पटली होती.

शेजारच्या सीटवर अंबूबाई, त्याची बायको, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. जुन्या पिवळ्या लुगड्याची, तांबड्या फुलांची पिशवी. तिनंच शिवलेली. लग्न होऊन आल्यापासून तिनं घरच्या दुकानात सुटं गोडेतेल विकलं आणि नवऱ्याचा राग झेलला. दोन्ही कधी सांडू दिलं नाही.

"जावईबापू सोडतो म्हणत्यात की पोरीला," ती हळूच म्हणाली.

झालं! सयाजीच्या मस्तकात तिडीक गेली.

"पहिलं बाळंतपण माहेरात करायचं आणि पोरगीनं जावायाच्या गाडीतनं याचं? तिचा बा काय मेलाय? उभी हयात एस.टी. चालवली म्या. आंबा घाटात, धुक्यात, पावसात. कुठं ओरखडा न्हाय! माझी लेक मीच आणणार. उद्याच आणणार!"

प्रियदर्शनीला सातवा सरला होता. तिकडं शाहूवाडीला सासरी ती बॅग भरून बापाची वाट बघत होती. अंबूबाईनं पिशवीचे बंद मुठीत आवळले आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

सयाजीनं गाडी तशीच दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजवर नेली. आत घेताना धाडकन आवाज झाला. भिंतीलगतचा ऑइलचा डबा चेपला होता.

"वाटंत डबं ठेवतूस व्हय रं?"

"वाटंत कुठं, भिंतीला तर लावलाय," दस्तगीर म्हणाला. मग त्याचं लक्ष गाडीकडं गेलं. "सयाजीदादा, डावीकडचा आरसा कुठं गेला?"

"शेजाऱ्यानं उडवला. गाडी कुठं लावावी ह्याची अक्कल न्हाय लोकास्नी. तू टाकी बघ, टाकी!"

दस्तगीरनं टाकीचं झाकण काढलं आणि आत बॅटरी मारली. "पेट्रोल आत जाताना आतली हवा भाईर याला लागती. तिची येगळी बारकी नळी असती. ती बुजलेली दिसतीया. नरसाळं बाटलीच्या तोंडात गच्च बसलं की तेल खाली उतरतंय काय? तसंच हे."

अंबूबाई गाडीतनं खाली उतरली होती. तिनं पिशवी छातीशी धरली.

दस्तगीरनं तारेचा आकडा करून आत घातला, फिरवला आणि हळूहळू ओढला. कापडाची एक वळी बाहेर आली. घट्ट पिळलेली, पेट्रोलनं चिंब. त्यानं ती उलगडली आणि त्याचा हात तिथंच थांबला. त्यानं एकदा अंबूबाईकडं बघितलं आणि खाली मान घालून ते फडकं सयाजीच्या हातात दिलं.

"हे आपोआप गेलेलं न्हाय," तो एवढंच बोलला. "कुणीतरी कोंबलंय."

सयाजीनं फडकं नाकाशी नेलं, उलटंसुलटं केलं. "तुझ्यासारख्याच कुठल्यातरी गॅरेजातलं ऑइलचं फडकं हाय हे!" सयाजी ओरडला. "माझी पोर तिकडं अवघडून बसलीया आणि हिकडं माझ्या गाडीत बोळं कोंबत्यात! कोण हाय त्यो? कुठनंबी हुडकून आणा. माझ्या डोळ्यांम्होरं उभा करा त्याला!"

अंबूबाई पुढं झाली. त्याच्यापासून दोन हातांवर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याच्याएवढा राग आला होता. तिनं हातातली पिशवी वर उचलली आणि त्याच्या हातातल्या फडक्याला लावून धरली. तेच पिवळं लुगडं, तीच तांबडी फुलं.

सयाजीनं डोळे बारीक करून पिशवीकडं बघितलं. फडक्याकडं बघितलं. मग वैतागून हात झटकला.

"मधी काय नाचवाय लागलीस? हो बाजूला! सापडू दे त्यो, मग बघतो त्याच्याकडं."

"बघा की!" अंबूबाई कडाडली. "मघाधरनं तुमच्या डोळ्यांम्होरंच उभी हाय."